चिमटीतलं पोट

लेझर म्हटलं की आमच्या वालावलातली माणसं निम्मी बरी होतात. मूतखडा लेझरने जातो, मोतीबिंदू लेझरने जातो, मूळव्याधीच्या तर रस्त्याकडेला पाट्याच पाट्या दिसतात, आणि या सगळ्या ठिकाणी ‘टाका नाही, दुखणं नाही, संध्याकाळी घरी’ एवढंच वाचून आम्ही पुढे सरकतो. त्यामुळे पोटावरची चरबीही आता लेझरने विरघळते असं मुंबईच्या भाच्याने फोनवर सांगितलं तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मनातल्या मनात चित्रही रंगवून टाकलं. मी खाटेवर उताणा पडलोय, वरून लाल किरण येतोय, पोट हळूहळू खाली बसतंय आणि तोवर मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतोय. शब्दकोडं मला आजवर कधी सुटलेलं नाही. पण किरणाबद्दल मला खात्री होती.

भाच्याला माझ्या पोटाची एवढी काळजी का, तर त्यालाही एक इतिहास आहे. आमच्या लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून असलेलं तळं बघायला लांबून माणसं येतात. व्ही. शांतारामबापूंनी ‘चानी’ सिनेमाचं चित्रीकरण इथे केलं होतं, म्हणून जुनी माणसं अजून पर्यटकांना ती जागा दाखवतात. गेल्या सुट्टीत भाच्याला तळ्याच्या पायरीवर माझा फोटो काढायचा होता, मागे देऊळ घेऊन. तो बघतो तर फोटोत मी येत होतो आणि देऊळ येत नव्हतं. म्हणून तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, मग ‘मामा, जरा तिरके उभे राहा’ म्हणून परत एक, आणि मी तिरका झाल्यावर तर देवळाचा होता तो कळसही झाकला गेला, तेव्हा त्याने शेवटचं पाऊल टाकलं ते थेट तळ्यात. तो वर आला, फोन आला नाही. नव्या फोनवरून त्याने मला पहिली गोष्ट पाठवली ती लेझर लायपोसक्शनची चित्रफीत.

पोट मला पतसंस्थेने दिलं. तिथे खुर्ची मऊ होती, पंखा डोक्यावर होता आणि कर्जदार येताना रिकाम्या हाताने येत नसत. कोणी खाजं आणायचा, कोणी घरचे काजू, कोणी नुसताच ‘साहेब, चहा घेऊया’ म्हणायचा, आणि वसुली होवो न होवो, चहा व्हायचाच. मी निवृत्त झालो, पोट सेवेत राहिलं. गेल्या वर्षी गावच्या उत्सवातल्या हौशी नाटकात कृष्ण करायची इच्छा मी बोलून दाखवली, तेव्हा दिग्दर्शकाने माझ्या अंगावर शेला टाकून बघितला, काढला, पुन्हा टाकला आणि अगदी आदराने म्हणाला, ‘दादा, तुमी गणपतीच करा. उशी तरी वाचतली.’

तर मी ठरवलं. गुपचूप गोव्याला जायचं, लेझर मारून घ्यायचं आणि उत्सवाला सडपातळ उभं राहायचं. गुपचूप म्हणजे फक्त बायकोला सांगितलं. बायकोने कोणालाही सांगितलं नाही. पण मी तिला सांगत होतो ते स्वयंपाकघराच्या दारात, आणि आत आई नारळ खवत होती. खवणीचा आवाज थांबला. ‘पैशे खर्चून वाढवलंस,’ आतून आवाज आला, ‘आता पैशे खर्चूनच काढूक जातंस?’

संध्याकाळी मी तळ्यावर गेलो तर पायरीवर माझ्या पोटाची सभा भरलेली. कोणी म्हणे कुळथाची पिठी खा, कोणी म्हणे कोकमाचा आगळ घे, कोणी म्हणे कर्ली नदीवरून होडी वल्हव. शेजारच्या काकांनी तर दाखलाच दिला. ‘ती इजिप्तची बाई न्हय? तिका विमानातसून मुंबयक हाडल्यानी. तिचा पोटय लेझरानच कमी केल्यानी.’ काकांचा अधिकार मोठा, म्हणून मी मान डोलवली. ती एमान अहमद, २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबईत आणलेली, पाचशे किलोच्या आसपास वजनाची. तिच्यावर झाली ती बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे आतली जठराची पिशवी लहान करायची, जेणेकरून माणूस खाईलच कमी. त्यात वजन उतरतं. लायपोसक्शनमध्ये पिशवीला हात लागत नाही, भूक जशीच्या तशी राहते आणि काट्यावर फारसा फरक दिसत नाही. हे मला पुढे कळलं. त्या संध्याकाळी मी पाचशे किलोचा हिशोब मांडून माझं पोट म्हणजे डॉक्टरांना किरकोळ काम वाटेल अशा समाधानात घरी आलो.

रात्री झोप येईना म्हणून फोनवर वाचत बसलो. माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट करायची ठरली की मी तिचा अभ्यास करतो, आणि अभ्यास झाला की ती करायची हिंमत जाते. पहिलंच काय सापडावं, तर पॅरिसची गोष्ट. १९२० च्या दशकात शार्ल दुजारिए नावाच्या सर्जनने एका नर्तिकेच्या पायावरची चरबी खरवडून काढायला घेतली, रक्तवाहिनी दुखावली, पाय सडला आणि शेवटी कापावा लागला. मी उठून दाराला कडी आहे ना ते बघून आलो.

पुढचं वाचून जरा धीर आला. १९७० च्या दशकात रोमच्या फिशर बापलेकांनी पोकळ नळीने चरबी ओढून घ्यायची रीत काढली, पॅरिसच्या इलूझ यांनी ती सुधारून जगभर नेली, आणि खरी सोय केली ती कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने. १९८७ साली त्यांनी जी पद्धत छापली ती आजही चालते: मिठाच्या पाण्यात बधिर करणारं लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आवळणारं ॲड्रेनलिन पातळ करून मिसळायचं आणि ते चरबीत इतकं भरायचं की तो भाग टणक फुगतो. मग रक्त कमी जातं आणि भागही बधिर होतो. म्हणजे पोट कमी करण्याआधी ते आणखी वाढवतात. हे वाचून मला त्या शास्त्राबद्दल आपलेपणा वाटला.

लेझर सगळ्यात शेवटी आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्या यंत्राला मान्यता दिली ती २००६ साली. आणि माझा तो लाल किरण? तो वरून येतच नाही. कातडीला बारीक छिद्र पाडून केसासारखी बारीक काचेची तार आत घालतात, तिच्या टोकातून लेझर निघतं, चरबीच्या पेशी उष्णतेने फुटतात, बारीक रक्तवाहिन्या गोठतात आणि कातडी आतून शेकली गेल्याने थोडी आवळते. मग फुटलेली चरबी कुठे जाते? कुठेच नाही. पोटाएवढ्या भागातली ती बहुतेक नळी घालून ओढूनच काढावी लागते. म्हणजे लेझर म्हणजे सक्शनला सुट्टी नव्हे. लेझर आणि वर सक्शन. शब्दकोड्याला त्यात कुठेच जागा दिसेना.

पण मला एक आकडा मिळाला होता. १०६४ नॅनोमीटर. त्या पहिल्या यंत्राच्या लेझरची तरंगलांबी. दुसरी यंत्रं ९८०ची असतात, १३२०ची असतात. नॅनोमीटर म्हणजे किती हे मला सांगता येणार नाही, पण आकडा पाठ झाला, आणि पाठ झालेला आकडा डॉक्टरांच्या तोंडावर फेकल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कुडाळहून गाडी पकडून आम्ही करमळीला उतरलो. मी निर्जळी उपाशी होतो. तपासणीला उपाशी यायला कोणीही सांगितलं नव्हतं, पण शेजारच्या काकांनी ‘ऑपरेशनाक उपाशी जावचा लागता’ म्हटलं होतं आणि काकांचा अधिकार मी वर सांगितलाच आहे. गाडीत थिवीपर्यंत बटाटेवडे येत-जात राहिले. बायकोने दोन घेतले. पणजीतल्या क्लिनिकच्या पायऱ्या चढताना माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, मी दारातच बसलो आणि आतून धावत आलेल्या नर्सने मला पाणी पाजून, बिस्किटं चारून, ‘कोणाचा अपघात झालाय?’ असं विचारलं. ‘नाही,’ बायको म्हणाली, ‘हे सडपातळ व्हायला आलेत.’

डॉक्टर बाई होत्या, प्लास्टिक सर्जन, स्वच्छ मराठी बोलणाऱ्या. मी बसता बसताच म्हटलं, ‘तुमचं १०६४ की १३२०?’

‘वजन?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘ब्याऐंशी.’

बायको खोकली. ‘एक्याण्णव,’ ती म्हणाली. ‘पोह्यांच्या आधी.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. बधिर करायचं औषध किलोच्या हिशोबाने ठरतं, त्या म्हणाल्या. क्लाइन यांनी या पद्धतीसाठी किलोला ३५ मिलिग्रॅम लिडोकेन ही मर्यादा सांगितली, पुढे काहींनी ती ५५ पर्यंत नेली, पण हिशोब चुकला तर ते औषध विषासारखं वागतं, आणि रक्तात त्याचा जोर चढतो तो आठ-दहा, कधी चौदा तासांनी, म्हणजे माणूस घरी जाऊन झोपलेला असताना. ‘तुम्ही कमी सांगितलंत,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणजे औषध कमी पडलं असतं. वजन खोटं, पण दुखणं खरं.’ मला काट्यावर उभं केलं. त्र्याण्णव. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बिस्किटांकडे बोट दाखवलं.

‘औषधं कोणती घेता?’

‘कसलीच नाही,’ मी म्हणालो, आणि तेवढ्यात बायकोने टेबलावर पिशवी उपडी केली. त्यातून रक्त पातळ करायची गोळी निघाली, सांधेदुखीची निघाली, लसणाच्या गोळ्या निघाल्या, कोणीतरी दिलेलं चूर्ण निघालं, ज्याचं नाव पुडीवरही नव्हतं, आणि सगळ्यात शेवटी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. जन्मभर मालवणच्या किनाऱ्यापाशी काढून, रोज बांगडा खाऊन, हा माणूस माशाचं तेल बाटलीतून घेतो, हे त्या बाईंच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता आलं. यातल्या बहुतेक गोष्टींनी रक्तस्राव वाढू शकतो, त्या म्हणाल्या, म्हणून एकूण एक सांगायच्या, झाडपाल्याच्या तर आधी. आणि रक्त पातळ करायची गोळी ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या मनाने बंदही करायची नाही. ‘सिगरेट?’ मी म्हटलं, सोडली. ‘देवळामागची धरून?’ बायकोने विचारलं. तंबाखूने कातडीला रक्त पोचत नाही, जखम भरत नाही, म्हणून किमान महिनाभर आधीपासून बंद. मी महिन्याच्या शेवटाबद्दल काही विचारलं नाही.

मग तपासणी. ‘उभे राहा. शर्ट वर घ्या. पोट सोडा.’

‘सोडलंय.’

‘नाही सोडलेलं. सोडा.’

फोटो काढताना, कोणी भेटल्यावर, लग्नात आहेर देताना पोट आत घ्यायची मला इतकी सवय झालीय की ते माझं मलाच कळत नाही. मी थोडं सोडलं. ‘अजून,’ बाई म्हणाल्या. अजून थोडं सोडलं. ‘मोकळं सोडा हो, इथे कोण बघतंय.’ तेव्हा मी ते सगळं सोडलं.

बाईंनी खुर्ची मागे घेतली.

मग त्यांनी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत माझ्या पोटाची कातडी धरली. इथे धरली, तिथे धरली, बाजूला धरली. मला वाटलं, आता त्या चिमटीत निदान चार किलो येणार. आली दोन बोटं. मग निजायला लावलं. निजलो तरी पोट वरच. ‘हे एवढं,’ चिमटी दाखवून त्या म्हणाल्या, ‘माझ्या हातातलं. बाकीचं नाही.’

बाकीचं म्हणजे जवळजवळ सगळंच होतं.

चरबी दोन ठिकाणी असते: एक कातडीखाली, जी चिमटीत येते, आणि एक पोटाच्या स्नायूंच्या भिंतीपलीकडे, आतड्यांभोवती, यकृताभोवती. लेझर असो की साधी नळी, ती भिंतीच्या अलीकडेच फिरते. पलीकडे गेली तर त्याला शस्त्रक्रिया म्हणत नाहीत, आपत्ती म्हणतात. ‘तुमच्याकडे माड आहेत ना?’ बाईंनी विचारलं. ‘मी सोडण काढू शकते. करवंटीच्या आतलं माझ्याकडे मागू नका.’ माझ्या नारळाला सोडण अगदीच पातळ निघालं होतं. सगळं खोबरं.

हे फक्त माझंच नाही, आपलं सगळ्यांचंच आहे, असं त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, आणि पुण्याची गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचंही सारखंच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबीचे, अशी आपली घडण. म्हणूनच आपल्याकडे पुरुषांना कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०, साहेबांपेक्षा कमी. फोटोतले याज्ञिक निदान बारीक दिसतात. मी टेपकडे बघितलं. १०४.

‘पण वरची दोन बोटं तरी काढली,’ मी चिकाटीने म्हटलं, ‘तर साखर-बिखर सुधारेल?’ त्यावरही त्यांच्याकडे २००४ सालचंच उत्तर. अमेरिकेत पंधरा लठ्ठ बायकांच्या पोटावरून नऊ-दहा किलो चरबी अशी ओढून काढली आणि दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर ना इन्सुलिनचं काम सुधारलेलं, ना रक्तदाब, ना कोलेस्टेरॉल. कंबर उतरली, रक्त होतं तिथेच राहिलं. वजन आटोक्यात आहे, काही महिने स्थिर आहे, कातडीत अजून ताण आहे, पण हनुवटीखाली, दंडाला नाहीतर कमरेच्या बाजूला एखादा लोळ हटत नाही, अशा माणसासाठी ही शस्त्रक्रिया. वजन उतरवायला आलेल्यासाठी नव्हे. आणि लेझरमुळे साध्या पद्धतीपेक्षा फार मोठा फरक पडतो असंही छातीठोक सांगता येत नाही. कातडी थोडी आवळते, रक्त जरा कमी जातं, पण भाजण्याचा एक धोका वाढतो, म्हणून वरून कातडीचं तापमान सारखं मोजत राहायचं, ४२ अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. हे त्या स्वतःचं यंत्र शेजारी असताना सांगत होत्या, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला आणि माझ्या १०६४ बद्दल वाईट.

‘आता खोका,’ त्या म्हणाल्या.

मी खोकलो. ‘मोठ्याने.’ मोठ्याने खोकलो. बेंबीपाशी त्यांचा हात होता. एकदा त्यांनी तो फिरवला, परत खोकायला लावलं, आणि मला खोकायचं म्हटलं की थांबता येत नाही, मी इतका खोकलो की बाहेरून नर्स पाणी घेऊन आली. बेंबीत हर्निया निघाला. भिंतीलाच भोक. तिथे आंधळेपणाने नळी फिरवली तर ती थेट आतड्यात, म्हणून सोनोग्राफी केल्याशिवाय आणि आधी हर्नियाच्या सर्जनला दाखवल्याशिवाय त्या हात लावणार नव्हत्या.

इथे मी उठायला हवं होतं. पण बायको एवढ्या लांब आली होती, वडे खाऊन झाले होते, आणि बाजारात घ्यायचं नसलं तरी भाव विचारल्याशिवाय ती हलत नाही. तिने जे प्रश्न विचारले ते मला अभ्यास करूनही सुचले नव्हते. लेझर तुम्ही स्वतः मारणार की हाताखालचं कोणी? अशी किती केलीत? बिघडलेल्यांचेही फोटो दाखवाल का? भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असतील ना? इस्पितळाची नोंदणी कुठे लावलीय? रात्री श्वास अडकला तर अतिदक्षता विभाग इथेच की रुग्णवाहिका बोलवायची? दुसऱ्यांदा करावं लागलं तर ते पैसे यातच की वेगळे? बाई खुलून उत्तरं देत होत्या. पाच लिटरपेक्षा जास्त काढायचं झालं तर रात्रभर देखरेखीखाली ठेवतात. विमा सुंदर दिसण्याचे पैसे देत नाही. आणि आजारपणाच्या उपचाराला माफ असलेला जीएसटी अशा शस्त्रक्रियेला लागतो. ‘म्हणजे सरकारलाही कळतंय,’ बायको माझ्याकडे बघत म्हणाली.

रात्रीच्या प्रश्नाचं तिला उगीच नव्हतं पडलेलं. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत कन्नड मालिकांमधली चेतना राज ही अवघी एकवीस वर्षांची मुलगी चरबी काढायची शस्त्रक्रिया झाल्यावर गेली. ते बायकोने टीव्हीवर बघितलं होतं आणि तिच्या लक्षात राहिलं होतं. मोठा धोका क्वचितच येतो, पण येतो तो पायात गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा, चरबीचा कण रक्तात शिरण्याचा, नाहीतर जंतुसंसर्गाचा, आणि यातलं काहीही सांगून येत नाही. बाईंनी विचारलं, ‘तुमच्या घरापासून मोठं इस्पितळ किती लांब?’ बायको म्हणाली, ‘ओरोस.’ मग तिने रस्त्याचं वर्णन केलं. बाई म्हणाल्या, लांबच्या माणसाने पहिले काही दिवस शस्त्रक्रिया झाली त्याच गावात राहावं, लगेच गाडीत बसून घरी पळू नये, पण पडूनही राहू नये, त्याच दिवशी उठून चार पावलं चालावं. एक-दोन दिवस त्या छिद्रांतून लालसर पाणी झिरपत राहतं. ‘गादीवर?’ बायकोने विचारलं. गादीवर. ही मात्र तिला शस्त्रक्रियेतली सगळ्यात मोठी गुंतागुंत वाटली.

आणि मग निघाला तो पट्टा. सूज दाबून ठेवायला छातीपासून मांडीपर्यंत घट्ट कपडा, चार ते सहा आठवडे, पहिल्यांदा तर रात्रंदिवस. काळेनिळे डाग दोन-तीन आठवडे, बधिरपणा कित्येक आठवडे, आणि खरं रूप दिसायला तीन ते सहा महिने. म्हणजे उत्सवाला मी सुजलेलाच असतो. ‘घालून तरी बघा,’ बायको म्हणाली. नर्सने माप विचारलं. वजनाच्या बाबतीत जे झालं ते ताजं असूनही मी म्हटलं, ‘लार्ज.’

आतल्या खोलीत जाऊन मी दाराला कडी लावली. गुडघ्यापर्यंत तो आला. मांडीशी मी श्वास सोडला, कमरेशी भिंतीला टेकलो, पोटाशी मी देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही हातांनी चेन वर ओढली, ती बनियन धरून बेंबीपर्यंत आली आणि तिथेच राहिली. वर जाईना, खाली येईना. वाकता येत नव्हतं म्हणून दाराकडे वळलो, वळताना स्टूल पडलं, स्टुलावरची माझी पँट कोपऱ्यात गेली, आणि दाराची कडी खालच्या बाजूला होती. समोर आरसा होता. त्यात मला एक सडपातळ माणूस दिसला. तो निळा पडत होता.

‘काय झालं?’ बाहेरून बायको.

‘काही नाही,’ मी होता तेवढ्या हवेत म्हणालो. शेवटी पायाच्या अंगठ्याने कडी सरकवली आणि नर्स कात्री घेऊन आत आली. कापलेला पट्टा परत घेत नाहीत. तेवढं एक बिल झालं.

रक्ताचे रिपोर्ट मागाहून फोनवर आले. साखर काठावर. मी घाबरून बाईंनाच फोन केला, तर त्या म्हणाल्या, आतली चरबी ही चिमटीतल्या चरबीपेक्षा चालण्याला आणि कमी खाण्याला लवकर दाद देते. फुकट आहे, करून बघा. बायकोने ते ऐकलं. भाताचा डाव त्या रात्रीपासून तिच्या हातात गेला.

गावात मात्र वेगळंच झालं. मी परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी देवळाकडे गेलो तर समोरून येणारा पहिलाच माणूस म्हणाला, ‘बराच कमी झाला हां!’ दुसरा म्हणाला, ‘अर्धा झालंस मेल्या!’ मी म्हटलं, काहीच केलेलं नाही. ते हसले. काकांनी जवळ घेऊन हळूच विचारलं, ‘कितके लिटर काढल्यानी?’ मी शपथेवर सांगितलं, एक थेंब नाही. ‘सांगा नको,’ काका म्हणाले, ‘आमका समाजता.’ आणि ते चित्रफीत, पायरी, दुजारिए, सगळं ऐकून घेऊन शेवटी म्हणाले, ‘माझाय बघ रे जरा.’

मग काय करणार? मी त्यांना देवळाच्या पायरीवर उभं केलं, पोट सोडायला लावलं, ते सोडत नव्हते, अजून सोडायला लावलं, चिमटी धरली, औषधं विचारली, लसूण विचारला, आणि सगळ्या लोकांसमोर म्हटलं, ‘खोका.’ काका खोकले. बेंबीपाशी माझ्या हाताला गोळा लागला. त्यांना कुडाळला नेलं तर डॉक्टर म्हणाले, हर्नियाच आहे, बरं झालं वेळेवर आणलंत, कोणी ओळखला?

आता सकाळी मी चालायला निघालो की दोघे-तिघे शर्ट वर करून वाटेत उभे असतात. माझं पोट कोणी बघत नाही.